ती बोलायची, मी तपासायचो

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते असं. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली, कपाटाची दोन्ही दारं उघडली. यमुना, म्हणजे माझी बायको, साड्यांकडे तोंड करून पाटावर बसली. मी फोन तिच्या हनुवटीपासून वीतभर लांब धरला आणि बटण दाबलं.

“औषध जेवल्यावर घ्या,” ती म्हणाली आणि थांबली. थांबली म्हणजे गुडघ्यावर बोट आपटत ओठातल्या ओठात तेच वाक्य म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने, “औषध जेवल्यावर घ्या.”

“पाणी उकळून प्या.” परत थांबली.

तीन वेळा आवाज खराब निघाला. दोनदा न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या हॉर्नने, एकदा शेजारच्या कुकरने. चौथ्यांदा जमलं. मी म्हटलं, “मधे केवढी जागा सोडतेस? पोरी झोपून जातील तेवढ्यात.”

“झोपू दे की. उभ्या राहून राहून पाय सुजतात बिचाऱ्यांचे.”

मी तो आवाज चाळीस जणांना पाठवला. तिने कपाट लावलं आणि कोलंबी सोलायला बसली. सकाळचे दहा वाजले असतील. दुपारी चारला ती गेली.

संपादक म्हणाले, काका, दिवाळी अंक आहे, जरा मजेशीर अनुभव लिहा. मजेशीर होते, तेही लिहितो. पण माझ्या हातून या कामात एक चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं लिहिणं म्हणजे थापा मारणं होईल. चूक कळायला आधी काम कळलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारा-म्हातारी सकाळी उठून कपाटाशी बोलत होते.

मी सातवी नापास. कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजात हयात गेली. माझं नाव होतं ते कानाने. ट्रक आत यायच्या आधी रस्त्यावरूनच मी सांगायचो, याचं बेअरिंग गेलंय, त्याचा नॉझल चोंदलाय. ड्रायव्हर खाली उतरून काहीबाही सांगत बसायचे, साहेब असं झालं, घाटात तसं झालं. मी ते ऐकतच नसे. ड्रायव्हर खोटं बोलतो, इंजिन बोलत नाही. हात करून त्याला गप्प करायचो आणि बॉनेटवर कान ठेवायचो. ही सवय ध्यानात ठेवा.

यमुना पनवेलच्या एका दवाखान्यात आया होती. आमच्या वरच्या खोलीत केरळच्या नर्स भाड्याने राहायच्या. त्यातली जिन्सी नवीन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. हिंदी येई, तीही मोडकीतोडकी. पेशंट आपट्याचे, उरणचे, खाडीकाठचे. ते कुठलं हिंदी बोलणार? जिन्सी आपली सगळ्याला मान हलवायची. हां हां, हां हां.

एकदा आपट्याची एक म्हातारी तिला सांगत होती, “बाय, ही सुई मागच्या टायमाला दिली तवा माजं तोंड सुजलं व्हतं.” जिन्सीने हसून मान डोलावली, हां हां म्हणाली आणि सुई भरली. यमुना शेजारच्या खाटेची चादर बदलत होती. तिने चादर तिथेच टाकली आणि जिन्सीचं मनगट धरलं.

त्या संध्याकाळी ती पोरगी आमच्या जिन्यात बसून रडत होती. बाविसेक वर्षांची असेल. तिला मेट्रनची भीती नव्हती. तिला उद्याची भीती होती. उद्या पुन्हा कोणीतरी काहीतरी सांगणार, आपल्याला ते कळणार नाही आणि या वेळी मनगट धरायला कोणी नसणार.

यमुना तिच्या शेजारी बसली. म्हणाली, “बाकी मराठी ऱ्हाऊ दे. एवढंच शीक. मला कळलं नाही, परत सांगा.”

जिन्सीने ते डोळे पुसत दहा वेळा म्हटलं. तोच आमचा पहिला धडा, आणि शेवटपर्यंत प्रत्येकाचा पहिला धडा तोच राहिला. यमुना म्हणायची, मान हलवणारा मानूस लय वाईट. न कळता हो म्हननारा त्याच्याहून वाईट.

पण जिन्सीला कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. शिकायला बसणार कधी? तेव्हा तिनेच युक्ती काढली. “काकू, तुम्ही फोनमध्ये बोला. मी बसमध्ये ऐकते.” पहिले धडे साध्या बटणांच्या फोनवर केले, कार्डावर भरून दिले. पुढे मोठ्या काचेचे फोन आले, आवाज पाठवायची सोय आली, तेव्हा काम वाढलं. जिन्सीच्या मैत्रिणी आल्या, मग मेट्रनबाई दर खेपेला नव्या पोरींचे नंबर आणून द्यायला लागल्या. तोवर माझ्या कंबरेने गॅरेज सोडलं होतं आणि यमुनाही रिटायर झाली होती.

कामाची रीत अशी. साड्या आवाज घुमू देत नाहीत, म्हणून उघड्या कपाटासमोर बसून यमुना एक वाक्य बोलणार. मग जागा सोडणार. ऐकणारीने त्या जागेत ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. मग यमुना तेच वाक्य पुन्हा म्हणणार, म्हणजे आपलं कुठे चुकलं ते तिला तिथल्या तिथे कळावं. ही मधली जागा हीच खरी शिकवणी. तोकडी सोडली तर शिकणारी घाबरते आणि गप्प बसते. फार सोडली तर तिचं मन उठतं. यमुना ती जागा बोटाने मोजायची, गुडघ्यावर. सात-आठ टिचक्या.

शिकणाऱ्या मग स्वतःच्या आवाजात तो धडा म्हणून परत पाठवायच्या. ते तपासणं माझं काम. ती बोलायची, मी तपासायचो. तिने आलेले आवाज कधी ऐकले नाहीत. म्हणायची, “आयकलं की मला त्यांच्यासारखंच बोलाय होतंय. तुमीच आयका, तुमचा कान मोठा.” सकाळी चहा झाला की मी कानात वायर घालून बसायचो. जिथे खटका वाटेल तिथे थांबायचो, दाबून दोन शब्द बोलायचो, “ळ नीट म्हण,” “घाई करू नको,” नाहीतर नुसतं “बरोबर.” चाळीस आवाज तासाभरात. गॅरेजात तपासायचो तसंच.

मेट्रनबाई एकदा तक्रार घेऊन आल्या. “यमुनाबाई, तुम्ही मुलींना गावंढळ मराठी शिकवता. शुद्ध शिकवा.”

यमुना म्हणाली, “बाई, पेशंट आमच्या गावचा हाय. त्याच्या पोटान दुकाय लागलं तर तो काय पुस्तक वाचून सांगनार हाय?” पण तिने मधला रस्ता काढला. नर्सने विचारायचं ते शुद्ध, पेशंट बोलेल ते गावचं. दोन्ही धड्यात असायचं.

गिऱ्हाईकं नमुनेदार यायची. नर्सचं ऐकून दुसरेही आले. मोहल्ल्यातल्या एका दुकानदाराची सून हैदराबादची. नवरा आखातात. घरात सासू-नणंदा सगळ्या कोकणी वळणाचं मराठी बोलायच्या, तिला ओ की ठो कळत नसे. तिने बुरख्याखाली कानात वायर घालून चार महिने चोरून धडे ऐकले. का, तर सासू आपल्याबद्दल काय बोलते ते कळावं. एक दिवस सासू नणंदेला म्हणाली, “हिच्या हातचं कालवन म्हणजे नुसतं पानी.” सून म्हणाली, “अम्मी, उद्यापासून घट्ट करते.” दुसऱ्या दिवशी सासूने आमच्याकडे सांदणांनी भरलेलं ताट पाठवलं, आणि निरोप: आधीच शिकवली असतीत तर इतके दिवस मी तोंड सांभाळून बोलले असते.

एक ट्रकवाला होता, उत्तरेकडचा, बंदरात गाडी लावायचा. त्याला फक्त पाच वाक्यं पाहिजे होती, सगळी नाक्यावर पोलिसाला सांगायची. त्याने पाठवलेल्या आवाजात त्याच्यापेक्षा त्याचं इंजिनच जास्त ऐकू यायचं. मी त्याला उत्तर पाठवलं, “मराठी ठीक आहे. तिसरा सिलिंडर बघून घे.” तो खरंच निघाला खराब. महिनाभर तो मला गुरुजी म्हणत होता. मी हे सगळ्यांना सांगत सुटलो. यमुना म्हणाली, “बास झालं. बायकोपेक्षा इंजिनाचं कवतिक.”

झालं मजेशीर. आता पुढचं.

ती जायच्या आधीच्या दिवाळीनंतर पोरी सांगायला लागल्या की काकूंचे धडे आता जास्त चांगले झालेत, म्हणायला वेळ मिळतो. मीही पाहिलं की ती जागा जास्त सोडते. सात-आठ टिचक्यांच्या दहा-बारा झाल्या होत्या. मला वाटलं, वयाबरोबर बाई समजूतदार झाली. तसं मी शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. लांब वाक्यं तिने बंद केली, तुकडे पाडायला लागली. तेही मला शिकवण्यातलं कसब वाटलं. जिना चढताना मधल्या पायरीवर उभी राहून वरच्या पोरींशी गप्पा मारायची. मला वाटायचं, गप्पांसाठी उभी राहते.

थंडी सरता सरता आम्ही ‘तपासणी’ नावाचे धडे केले. पेशंटला विचारायचे प्रश्न. कुठे दुखतं? ताप कधीपासून आहे? दम लागतो का? कधीपासून लागतो? चालताना लागतो की बसल्या बसल्या? डॉक्टरांना दाखवलं का? यमुनाने ते साड्यांकडे तोंड करून म्हटले, मी पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस आवाज आले. सगळ्यांच्या तोंडी तेच. दम लागतो का, कधीपासून लागतो, दम लागतो का, कधीपासून लागतो.

जिन्सीचाही आला. तिचं लग्न होऊन ती तोवर नवीन पनवेलला राहायला गेली होती. मराठी पेशंटपुरतं चांगलं येत होतं, पण धडा परत पाठवायची सवय तिने मोडली नव्हती. तिचा आवाज असा होता: “काकू, तुम्हाला दम लागतो का? कधीपासून लागतो? बसल्या बसल्या लागतो? डॉक्टरांना दाखवा काकू.”

मी ऐकलं. खटका कुठेच नव्हता. मी म्हटलं, “बरोबर. एकदम बरोबर.” आणि पुढचा आवाज लावला.

माझी चूक ती ही.

सगळ्यांनी धडा म्हटला होता. ती एकटी विचारत होती. ती नर्स होती, तिने आमच्या धड्यातल्या जागा ऐकल्या होत्या आणि त्या जागांत काकू दम घेतायत ते तिला कळलं होतं. विचारायला तिच्याकडे शब्द तेच होते, आम्ही दिलेले. धड्यात ‘काकू’ नव्हतं. धड्यात ‘दाखवलं का’ होतं, ‘दाखवा’ नव्हतं. मला तेही कानाला लागलं नाही, कारण मी खटका शोधत होतो, ती काय म्हणते ते ऐकतच नव्हतो. ड्रायव्हरला हात करून गप्प करावं तसं मी तिला गप्प केलं.

तिने मला पुन्हा विचारलं नाही. मी बरोबर म्हणालो ना? तिला वाटलं असणार, काकांना माहीत आहे, दाखवलंय, औषध चालू आहे. आणि यमुनाला मी काही सांगायचा प्रश्नच नव्हता. तिने विचारलं, “आज कशा बोलल्या पोरी?” मी म्हटलं, “सगळ्या पास.”

तीन आठवडे गेले.

त्या दिवशी कोलंबी अर्धी सोलून तिने ताट बाजूला सरकवलं. म्हणाली, “जरा टेकते. राहिलेली नंतर करीन.” मी बाहेर पेपर वाचत होतो. बाराच्या सुमाराला आत गेलो तर ती आडवी नव्हती, भिंतीला टेकून बसली होती, आणि ओठ निळसर. मला म्हणाली, “खिडकी...” आणि जागा सोडली. मी वाट बघत राहिलो. पुढचा शब्द आलाच नाही. मी खिडकी उघडली. हॉर्न आत आले.

रिक्षात ती माझ्या खांद्यावर होती. माझा कान तिच्या तोंडाजवळ. तेव्हा मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. आत पाणी भरल्यासारखी घरघर होती. रस्त्यावरून ओळखावं असा आवाज. मला इतकी भीती वाटली की रिक्षावाल्याला दवाखान्याचं नाव सांगता येईना, नुसता हात दाखवत होतो.

तिथे एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं, “आजोबा, यांना दम कधीपासून लागतो?”

तोच धडा. शब्द न् शब्द तोच. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात तो डॉक्टरांच्या आवाजात नाही, जिन्सीच्या आवाजात वाजला. काकू, तुम्हाला दम लागतो का. मी मान हलवली.

डॉक्टरांनी, पोरींनी खूप धडपड केली. चारला संपलं. हृदय थकलं होतं, बऱ्याच महिन्यांपासून, असं ते म्हणाले. आधी आणलं असतं तर काय, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. उत्तराची भीती वाटते.

संध्याकाळीच सगळं उरकलं. मुलगी मंगल उरणहून आली, भावकी आली. वरच्या खोलीतल्या पोरी आल्या, ड्युटीच्या कपड्यांतच. आणि जिन्सी आली. ती दारात उभी राहिली, आत येईना. माझ्याकडे बघत होती. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. मला एकच भीती होती, आता ही तोंड उघडणार. मंगलच्या देखत म्हणणार, काका, मी विचारलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तिने फक्त “काका” म्हटलं आणि थांबली. थोड्या वेळाने ती गेली.

तिने कोणाला सांगितलं नाही. म्हणजे आता ते दोघांनाच माहीत होतं, तिला आणि मला. आणि फोनला. फोनमध्ये तो आवाज होता आणि त्याच्याखाली माझा, एकदम बरोबर. मी पुसून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. एक बोट लावायचं काम. खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मंगल चहा घेऊन आली, म्हणाली, “बाबा, फोन सारखा वाजतोय तुमचा.” मी घेतला. काल दहाला पाठवलेला धडा पोरींनी म्हणून पाठवला होता. वरच्या पोरींना कळलं होतं, पण बाकीच्यांना, बाहेरच्या दवाखान्यांतल्यांना कुठून कळणार? औषध जेवल्यावर घ्या. पाणी उकळून प्या. एकीने शेवटी विचारलंही होतं, “काकू, बरोबर आहे?”

मी मंगलला म्हटलं, “मला जरा आतल्या खोलीत एकट्याला बसू दे.”

“कशाला, बाबा?”

“काम आहे.”

तिने माझ्याकडे बघितलं, पण बायकांना बाहेर बोलावून घेतलं. मी दार लोटलं. पंखा बंद केला. खिडकी लावली. कपाट उघडलं. साड्यांचा वास आला तेव्हा परत फिरावंसं वाटलं. पण पाट तिथेच होता, कालपासून कोणी उचलला नव्हता. मी त्यावर बसलो. गुडघे दुखले.

आधी मागे जात जात जिन्सीचा तो तीन आठवड्यांपूर्वीचा आवाज काढला आणि ऐकला. कानात वायर न घालता, मोठ्याने, साड्यांसमोर. पूर्ण ऐकला. खाली माझं बरोबर होतं, तेही ऐकलं.

मग फोन हनुवटीपासून वीतभर लांब धरला. दुसऱ्या हाताने त्या हाताचं मनगट धरलं. या कामात मी कधी धडा बोललो नव्हतो. मी बटण दाबलं आणि म्हटलं,

“जिन्सी, मला कळलं नाही. परत सांग.”

आणि गुडघ्यावर बोट आपटत, तिच्यासाठी जागा सोडली.